बिघडला की नवा घ्या

दवाखान्याच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत जे गृहस्थ एक्स-रे काढायचे त्यांना सगळेजण श्वासरोखे म्हणत. हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. पण दिवसभर ते एकच वाक्य म्हणत, "श्वास घ्या... रोखा... सोडा," आणि तेच त्यांना चिकटलं. नव्याने लागलेल्या दोन नर्सबाई तर कित्येक महिने त्यांना अगदी आदराने "श्वासरोखे सर" अशी हाक मारत होत्या, आणि त्यांनीही कधी दुरुस्ती केली नाही.

माणसांचे फोटो काढण्यातच त्यांचं आयुष्य चाललं होतं, पण ते फोटो बरगड्यांचे, गुडघ्यांचे आणि एखाद्या पोराने गिळलेल्या नाण्याचे. कुणी कधी फोटो हातात घेऊन "वा, छान आलाय" म्हणालं नाही. डॉक्टर तो उजेडाकडे धरायचे आणि फक्त वाईट काय ते बोलायचे. म्हणून सुट्टीच्या दिवशी श्वासरोखे स्वतःचा कॅमेरा गळ्यात घालून बाहेर पडत आणि कातडीसकट माणसं टिपत.

कॅमेरा चांगला होता. वर्षानुवर्षांच्या वापराने अंगठा टेकतो तिथला रंग उडाला होता, पट्टा विटला होता, पण त्याने आजवर एकदाही दगा दिला नव्हता. सगळी अडचण तिथेच होती.

अडचणीला सुरुवात झाली ती छायाचित्रण मंडळात. हे मंडळ दर रविवारी एका लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत भरत असे. खालून इस्त्रीची वाफ यायची आणि वर बसलेल्या मंडळींना आपापल्या लेन्सची काळजी वाटायची. मंडळाचे अध्यक्ष एक दंतवैद्य होते. त्यांच्याकडे सगळ्यात महागडा कॅमेरा होता, त्यामुळे त्यांचं मत सगळ्यात शेवटी विचारलं जाई आणि तेच ग्राह्य धरलं जाई. एक निवृत्त विमा अधिकारी होते, त्यांनी घरी लेन्ससाठी खास दमट हवा शोषणारं कपाट घेतलं होतं. त्यांच्या बायकोला दम्यासाठी डॉक्टरांनी कोरडी हवा सांगितली होती. ती मिळाली लेन्सना.

त्या रविवारी श्वासरोखेंनी आपला एक फोटो पडद्यावर लावला. दवाखान्याच्या बाहेरून दोराला लटकून काचा पुसणारा एक माणूस, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून हात बाहेर काढून त्याला पाण्याचा पेला देणारी एक पेशंट बाई. तिच्या मनगटाला सलाईनची पट्टी तशीच चिकटलेली. हा फोटो मिळाला त्या दिवशी श्वासरोखेंना जेवण गेलं नव्हतं, इतका आनंद झाला होता.

खोलीत शांतता पसरली. श्वासरोखेंचा ऊर भरून आला. मग दंतवैद्य पुढे झुकले, एखादी दाढ तपासावी तसे डोळे बारीक केले आणि म्हणाले, "कोपरे मऊ आहेत. धूसर येतायत."

"वरचा उजवा तर गेल्यातच जमा आहे," विमा अधिकारी म्हणाले.

मग सगळेच कोपरे बघू लागले. बाई कोण, माणूस कोण, तिने पाणी का दिलं, हे कुणी विचारलं नाही. "सेन्सर कुठला?" एवढं मात्र विचारलं. श्वासरोखेंनी सांगितलं, लहान आहे, फुल फ्रेम म्हणतात तो मोठा नाही. "मग बरोबर आहे," असं दंतवैद्य म्हणाले, आणि ऑपरेशनच्या खोलीबाहेर नातेवाइकांच्या खांद्यावर ठेवतात तसा त्यांनी श्वासरोखेंच्या खांद्यावर हात ठेवला.

घरी येऊन श्वासरोखेंनी आपले सगळे जुने फोटो काढले आणि कोपरे तपासले. सगळे मऊ. लग्नाचा अल्बम काढला, तर तिथेही मऊ, आणि तो तर पैसे मोजून बोलावलेल्या फोटोग्राफरने काढलेला. माणसाला एकदा कोपरे दिसायला लागले की मधलं काही दिसत नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून ते मोबाईलवर अशा माणसांचे व्हिडिओ बघू लागले जे खोक्यातून नवा कॅमेरा बाहेर काढतात, फिरवून दाखवतात आणि पुन्हा खोक्यात ठेवतात.

त्यांची बायको दवाखान्यासमोरच्या औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती. संध्याकाळी ती घरी येऊन पाय वर घेऊन बसली की तेवढा वेळ तिच्याशी काही बोलता येई.

"अगं, माझ्या फोटोंचे कोपरे मऊ येतात."

"मग कोपऱ्यात कुणाला उभं करू नका."

"तसं नाही. फुल फ्रेम घ्यावा म्हणतोय."

"का? हा बिघडला का?"

"बिघडला असं नाही म्हणता येणार..."

"मग? बिघडला की नवा घ्या," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

बाई दिवसभर तारखा बघून गोळ्यांची पाकिटं बाजूला काढायची. तिच्या हिशेबी जगात दोनच जातींच्या वस्तू होत्या, तारीख उलटलेल्या आणि न उलटलेल्या. तिने सहज म्हटलं होतं, विषय मिटावा म्हणून. पण श्वासरोखेंनी ते वचन म्हणून घेतलं. दुसरा कुणी असता तर भांडला असता, रुसला असता, गुपचूप हप्त्यावर कॅमेरा घेऊन आला असता. श्वासरोखे सरळमार्गी होते. त्यांनी कॅमेरा बिघडू द्यायचं ठरवलं.

बिघडवायचा नाही हं! स्वतःच्या हाताने त्याला इजा करण्याचं पाप त्यांच्याकडून झालं नसतं. फक्त काळजी घेणं सोडायचं, बाकी त्याचं तो बघेल.

मग कॅमेरा टेबलाच्या अगदी कडेला राहू लागला. एकदा खरंच पडला, तो थेट धुवायच्या कपड्यांच्या टोपलीत, मऊमऊ टॉवेलवर. एकदा पावसात खिडकीच्या कट्ट्यावर राहिला. श्वासरोखे सकाळी आशेने धावले, तर बायकोने तो आधीच पुसून तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला होता. "ओल शोषली जाते," ती म्हणाली. "हल्ली तुमचं लक्ष असतं कुठे?" डब्यातून निघाल्यावर कॅमेऱ्याने पहिला फोटो असा स्वच्छ काढला की श्वासरोखेंना रडू यायचं बाकी राहिलं. एकदा तर ते तो बसमध्ये विसरून उतरले. विसरले म्हणजे, उतरताना त्याच्याकडे बघायचं टाळलं. पुढच्या थांब्यावरून एक आजी धापा टाकत कॅमेरा घेऊन परत आल्या आणि रस्त्यातच त्यांना धडाधड बोलल्या. "एवढी महागाची वस्तू! घरच्यांनी सोडलं कसं तुम्हाला एकटं?" श्वासरोखेंनी मान खाली घालून आभार मानले.

शेवटी त्यांनी हुकमी पान काढलं. ते म्हणजे मेहुणा.

बायकोच्या या धाकट्या भावाला लहानपणापासून घरचे धसमुसळा म्हणत. पुढे म्हणायला लांब पडतं म्हणून नुसतं मुसळ झालं. मुसळच्या हातात दिलेली वस्तू धड परत आली, असं घरात कुणाच्या आठवणीत नव्हतं. रेडिओ, इस्त्री, शेजाऱ्यांचं फाटक, सगळं झालं होतं. एका मोठ्या हॉटेलचा फिरता दरवाजा त्याने सरळ उघडला होता. घरसामान हलवणाऱ्या कंपनीत तो कामाला होता, आणि तिथले लोक शहाणे असल्यामुळे त्याला फक्त गाद्या उचलायला देत.

मुसळ मित्रांबरोबर समुद्रावर चालला होता. श्वासरोखेंनी त्याला घरी बोलावलं आणि कॅमेरा त्याच्या ओंजळीत ठेवला.

"भावजी, मला?"

"तुलाच. चार दिवस राहू दे तुझ्याकडे. पाण्याजवळ ने, वाळूत ने. अगदी मोकळ्या हाताने वापर."

मुसळचे डोळे भरून आले. जाताना तो दारातून आडवा होऊन गेला, कॅमेरा चौकटीला लागू नये म्हणून.

चार दिवसांनी तो परतला तेव्हा श्वासरोखेंनी मनात नव्या कॅमेऱ्याचा रंगसुद्धा ठरवून टाकला होता. मुसळने पिशवीतून एक गाठोडं काढलं. आत त्याचा स्वतःचा मफलर, त्याच्या आत टॉवेल, त्याच्या आत कॅमेरा, पुसून लख्ख केलेला. विटका पट्टा जाऊन नवा आला होता.

"एकही फोटो नाही काढला, भावजी," तो अभिमानाने म्हणाला. "वाळू उडते ना तिथे. सगळे पोहायला गेले, मी पोटाशी धरून बसलो होतो. पोरं हसली. म्हटलं, हसा. भावजींनी विश्वासाने दिलाय."

श्वासरोखेंनी नवा पट्टा ओढून बघितला. "छान केलंस," एवढंच त्यांच्या तोंडून कसंबसं निघालं.

एवढ्यावर थांबलं नाही. त्या दिवसापासून मुसळ बदलला. वस्तू उचलण्याआधी तो थांबून तिच्याकडे बघू लागला. कंपनीत त्याला गाद्यांवरून खुर्च्यांवर घेतलं, आणि बघता बघता काचेच्या कपाटांवर. श्वासरोखेंच्या सासूबाई, ज्यांनी टेलिफोन एक्सचेंजमध्ये आयुष्यभर लोकांचे फोन जोडून दिले होते आणि आपल्या मुलाचं कशाशी काही जुळेल ही आशा सोडली होती, त्या खास भेटायला आल्या. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "आम्ही पोटच्या पोराला कपबशी देताना घाबरलो. तुम्ही एवढा कॅमेरा दिलात. मन मोठं लागतं त्याला." श्वासरोखेंनी नम्रपणे हात जोडले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

आता एकच आशा उरली, ती दुरुस्तीवाल्याची. बाजाराच्या टोकाला त्याचं दुकान होतं आणि त्याची ख्याती अशी की काहीही न्या, तो उघडून न बघताच "मदरबोर्ड गेला" म्हणायचा. भिंतीवरचं घड्याळ नेलं तरी मदरबोर्ड. एरवी श्वासरोखे त्याच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. आता मात्र असा माणूस आपल्या गावात आहे याचा त्यांना आधार वाटला.

दुरुस्तीवाल्याने कॅमेरा हातात घेतला, उघडला, नीट बघितला, पुन्हा बंद केला.

"याला काही झालेलं नाही."

"नीट बघा. मदरबोर्ड?"

"ठणठणीत आहे. अजून कितीतरी वर्षं चालेल."

"अहो, पण तुम्ही तर..." श्वासरोखे थबकले.

"बोला की. मी सगळ्यांना गेला म्हणतो, हेच ना? म्हणायचो. तुम्ही ओळखलं नाही मला? छातीत दुखलं म्हणून मी तुमच्याकडे फोटो काढायला आलो होतो. तुम्ही म्हणालात, श्वास घ्या, रोखा. आणि तुमचा फोन वाजला. तुम्ही बोलत बसलात, मला सोडा म्हणायचंच विसरलात. मी आपला रोखूनच. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्या अंधारात मला माझी सगळी गिऱ्हाइकं रांगेत उभी दिसली. म्हटलं, सुटलो तर पुन्हा खोटं बोलणार नाही."

श्वासरोखेंना तो फोन आठवला. मंडळातून आला होता, फुल फ्रेमच्या किमती उतरल्यात का, यावर.

"मग निदान लिहून तरी द्या ना, बिघडलाय म्हणून. घरी दाखवायला."

दुरुस्तीवाल्याने कॅमेरा त्यांच्यापुढे सरकवला आणि हात जोडले. "साहेब, मला पुन्हा त्या अंधारात ढकलू नका."

खरं बोलायची सवय नवी नवी असली की माणूस ती कुठेही वापरतो. दोन दिवसांनी हा दुरुस्तीवाला छातीच्या गोळ्या आणायला दवाखान्यासमोरच्या औषधांच्या दुकानात गेला आणि गोळ्या काढून देणाऱ्या बाईंना त्याने सगळं सांगून टाकलं.

त्या संध्याकाळी बायकोने पाय वर घेतले नाहीत. ती ताठ बसून राहिली. श्वासरोखे घरात शिरले आणि त्यांना कळलं.

"चांगल्या कॅमेऱ्याला बिघडलाय असं लिहून मागितलंत?"

"तूच म्हणालीस, बिघडला की—"

"बिघडला की म्हणाले. बिघडवा म्हणाले का?" मग तिचं तिलाच काहीतरी जुळलं. "टेबलाची कड. पाऊस. बस... अहो, मुसळला दिलात तो मुद्दाम? मोडेल म्हणून?"

खालच्या गल्लीत कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"परवा त्याने मला फोन केला," बायको म्हणाली. तिचा आवाज आता चढा नव्हता, आणि श्वासरोखेंना चढा परवडला असता. "एका घरातलं झुंबर हलवलं त्याने. एकट्याने. सांगताना रडत होता. ताई, भावजींमुळे झालं म्हणाला. आता हे मी कुठे ठेवू?"

"त्याला सांगू नकोस," श्वासरोखे पुटपुटले.

"मी सांगणार? तुम्हीच चुकून बोलाल, त्या दुरुस्तीवाल्यासारखी उबळ आली तर." सोफा बदलायचा म्हणून पैसे बाजूला टाकले होते, त्या सोफ्याच्या फाटलेल्या हातावर ती बोट फिरवत होती. "घ्या तो नवा," ती शेवटी म्हणाली. "नाहीतर तुम्ही आणखी कुणाकुणाला सुधाराल. पण पहिला फोटो आईचा काढायचा. तिला भिंतीवर लावायला चांगला फोटो हवाय, केव्हापासून म्हणतेय. आणि मुसळला जन्मात कळता कामा नये."

असा कॅमेरा आला. दुकानातून खोकं घरी आणलं मुसळनेच, कडेवर मूल घ्यावं तसं. मंडळात श्वासरोखेंना पुढच्या रांगेत खुर्ची मिळाली. कॅमेरा हातोहात फिरला, सगळ्यांनी त्याचं वजन जोखलं. दंतवैद्यांनी तो डोळ्याला लावला, खाली घेतला आणि म्हणाले, "बॉडी उत्तम. पण ही साधी लेन्स लावून तुम्ही तिच्यावर अन्याय करताय." कॅमेऱ्याच्या दीडपट किमतीची एक लेन्स त्यांनी सुचवली. श्वासरोखेंना आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि घरी येताना ते नेहमीचा रस्ता सोडून लांबच्या रस्त्याने आले.

सासूबाईंचा फोटो मात्र त्यांनी मन लावून काढला. खिडकीतला उजेड, मागे कोरी भिंत, सगळं शास्त्रोक्त. सवयीने "श्वास रोखा" म्हणाले आणि सासूबाईंनी रोखला. मोठ्या कागदावर छापून आणला तेव्हा श्वासरोखेंना स्वतःचाच अभिमान वाटला. पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा. कोपऱ्यात भिंतीचा रंगसुद्धा कणाकणाने दिसत होता.

सासूबाईंनी चष्मा चढवला. "ही कोण?"

"आई, तुम्हीच."

"जावईबापू," त्या शांतपणे म्हणाल्या, "एवढ्या जवळून मला माझ्या नवऱ्यानेही कधी बघितलं नाही. हे भिंतीवर लावलं तर लोक चहाला नाही, अंत्यदर्शनाला येतील."

"आई, पण तपशील बघा ना, हनुवटीजवळचा—"

"तोच बघतेय. दुसरा काढा."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दुसरा काढायला बसले. या वेळी उजेड सौम्य करायला म्हणून श्वासरोखेंनी मुसळला पांढरी चादर धरून खिडकीशी उभं केलं. ते कॅमेऱ्याची बटणं फिरवत होते, काही केल्या मनासारखं जमत नव्हतं. चादरीमागून मुसळचा आवाज आला.

"भावजी, एक विचारू? तेव्हा कॅमेरा मलाच का दिलात? मित्र होते, मंडळ होतं तुमचं."

बायको स्वयंपाकघरातून बाहेर येत होती. ती जागच्या जागी थांबली.

श्वासरोखेंनी बटणावरून बोट काढलं. "खूप विचार केला होता मी," ते म्हणाले. "तुझ्यासारखा दुसरा कुणी डोळ्यांपुढे आलाच नाही."

चादरीमागे नाक ओढल्याचा आवाज झाला आणि भावनेच्या भरात चादरीचं एक टोक सुटलं. उन्हाचा झोत सरळ सासूबाईंच्या डोळ्यांवर आला. "अरे मुसळा, धर की नीट! चांगला सुधारला होतास ना?" असं ओरडत त्यांनी हात उगारला, आणि ओरडता ओरडता त्यांना हसू फुटलं. श्वासरोखेंचं बोट दचकून दाबलं गेलं.

त्यांनी पाठीमागच्या पडद्यावर बघितलं आणि कपाळाला हात लावला. चेहरा अर्धा वळलेला, तोंड उघडं, एका बाजूला ऊनच ऊन, आणि हाताच्या जागी नुसता एक पांढुरका फराटा. पुसून टाकायला ते बटण शोधू लागले, तोवर सासूबाई उठून शेजारी आल्या होत्या.

"हा."

"आई, हा नाही. यात हात हललाय."

"हलणारच. माझा आहे."

"अहो, हा कॅमेरा काय काय टिपू शकतो! पाच मिनिटं बसा, मी—"

"मी हाच लावणार," सासूबाई म्हणाल्या आणि चहा टाकायला आत निघून गेल्या.

तो फोटो त्यांच्या बाहेरच्या खोलीत लागला. खिळा मुसळने ठोकला आणि भिंतीचा पोपडासुद्धा उडाला नाही. येणारा जाणारा त्याच्यापुढे थांबतो, हसतो, आणि विचारतो की हा काढला कुणी. शेजारच्या एका बाईंनी तर आपल्या सासऱ्यांचा असाच काढून द्याल का म्हणून विचारलंय, "अगदी असाच, चिडलेला." आयुष्यात इतकी वाहवा श्वासरोखेंना कधी मिळाली नव्हती.

पण ती त्यांना सुखाने घेता येत नाही. कुणी फोटोपुढे थांबलं की ते लगबगीने उठतात आणि समजावून सांगू लागतात की यात कॅमेऱ्याचा काही दोष नाही, शटरचा वेग चुकला, चूक सर्वस्वी माझी. पाहुणे मान हलवतात आणि फोटोच बघत राहतात. मध्यंतरी तर ते पिशवीतून तो आधीचा, रोखलेल्या श्वासाचा फोटोही काढून दाखवू लागले होते, खरं काय जमतं ते लोकांना कळावं म्हणून. एक दिवस सासूबाईंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. त्यानंतर तो कुणाला दिसलेला नाही.